वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुन्हा पुन्हा चुकतंय? आधी चूक मोजा

धरणगाव-चोपडा भागातल्या एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) वजनकाट्यावरची पावती माझ्यासमोर आहे. भरगाडीची (भरलेल्या ट्रॉलीची) वेळ १२:१८, खाली, म्हणजे रिकाम्या गाडीची वेळ ११:५१. कागदावर बघितलं तर ट्रॉली आधी रिकामी झाली आणि सत्तावीस मिनिटांनी कापूस भरून काट्यावर आली. ही पावती ज्यांच्या हातात पडली ते आप्पा काट्याच्या खिडकीशी उभे राहून एकच विचारत होते, "मंग मना कापूस उतरना का चढना?"

वजन बरोबर होतं. सकाळी काट्यावरचा कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा तारीख भलत्याच वर्षाची आली होती. काट्यावरच्या मुलानं घाईत हातानं वेळ लावली आणि ११ च्या जागी १२ टाकले. भरगाडी मोजून झाल्यावर चूक ध्यानात आली, म्हणून त्यानं घड्याळ एक तास मागे घेतलं आणि मग खाली गाडी मोजली. त्याचा हेतू साफ होता. पण शेतकऱ्याच्या हातात पुरावा म्हणून तेवढाच कागद असतो. त्यावरची वेळ उलटी दिसली की वजनावरचा भरवसाही जातो, आणि त्यांचं काही चुकत नाही.

या मशीनच्या दुरुस्तीसाठी मी त्या हंगामात तीनदा गेलो. पहिल्यांदा वेळ लावून परत आलो, दुसऱ्यांदा सेल बदलला. सुट्टीनंतरच्या सकाळी पुन्हा फोन: "भाऊ, घडी आखो मांगे गयी." तिसऱ्या खेपेला वेळेला हात लावण्याआधी एक काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मोबाईल शेजारी ठेवला आणि मशीनचं घड्याळ नेमकं किती चुकलंय ते वर्ष, तास, मिनिट, सेकंदासकट कागदावर लिहून घेतलं. बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा हाच आकडा सांगतो. घड्याळ दुरुस्त केलं की तो पुसला जातो, म्हणून आधी लिहा, मग दुरुस्त करा.

वर्षांची चूक: सेल, आणि सेलची पकड

मशीन २०१२ किंवा २०१५ सालात गेलं असेल, प्रत्येक वेळी त्याच एका तारखेला जात असेल, तर मदरबोर्डवरच्या (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डवरच्या) घड्याळाची वीज तुटतेय. कॉम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात. एक बोर्डवरचं, नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलवर चालणारं. दुसरं मशीन चालू असताना विंडोज स्वतः चालवतं ते. सुरू होताना विंडोज बोर्डवरच्या घड्याळाकडे बघून आपलं घड्याळ लावतं. बोर्डवरचंच चुकलं असेल तर सगळा दिवस चुकीचा जातो.

आता हे सुट्टीनंतरच का व्हायचं? पीसीचं बटण बंद असलं, पण भिंतीवरचं बटण चालू असलं, तरी पॉवर सप्लायमधून बोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर ताण येत नाही. मरायला टेकलेला सेलसुद्धा असा महिनोन्‌महिने लपून राहतो. जिनिंगमध्ये मात्र आगीच्या भीतीनं रात्री मेन स्विचच पाडतात, आणि ते योग्यच आहे. एका रात्रीत अशक्त सेल कसाबसा तग धरतो, सुट्टीच्या दोन रात्री आणि मधला दिवस मिळून मात्र त्याला झेपत नाहीत. लांब लोडशेडिंग झालं की हेच होतं. तेव्हा 'लाईट गेली की घड्याळ बिघडतं' ही तक्रार आली तर लाईटच्या मागे लागू नका, सेल तपासा.

मल्टीमीटर लावा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली आला की मी ठेवत नाही. पण त्या जिनिंगमध्ये मी फसलो ते पुढच्या पायरीला. बदललेला सेल बाहेर काढून मोजला तर ३.१, अगदी ठणठणीत. मग तो परत बसवला, मेन बंद ठेवला आणि मीटरचं टोक सेलऐवजी त्याला धरणाऱ्या धातूच्या पट्टीवर टेकवलं. आकडा नाचायला लागला, मध्येच ३, मध्येच शून्य. पट्टी वाकली होती आणि सेलखाली रुईचे तंतू जाऊन बसले होते. काट्याच्या केबिनमध्ये हंगामभर रुई उडत असते, पंखा ती आत ओढतो आणि ती सापडेल त्या फटीत शिरते. पट्टी चिमट्यानं हलकेच वर उचलली, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली आणि सेल कडेनं धरून बसवला (बोटाचं तेल सपाट बाजूला लागू देऊ नका). त्यानंतर आकडा ३.१ वर स्थिर राहिला. दुसऱ्या खेपेला माझ्या नव्या सेलमध्ये काहीच खोट नव्हती. त्याची वीज बोर्डापर्यंत पोचतच नव्हती.

सेल बदलला की बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख-वेळ लावा आणि सेव्ह करून बाहेर या. जुन्या मशीनमध्ये सेल काढल्यावर इतर सेटिंगही मूळ पदावर जातात, म्हणून आधी स्क्रीनचे फोटो काढून ठेवावेत. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारी पेटी) सिरियल पोर्टवर असेल तर त्या पोर्टचं सेटिंग हमखास टिपून ठेवा.

इंटरनेट असूनही वेळ का लागत नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. "नेट चालू आहे, मोबाईल आपोआप वेळ घेतो, मग कॉम्प्युटर का नाही घेत?"

जो कॉम्प्युटर कुठल्या कंपनी-सर्व्हरला जोडलेला नाही, त्यावर विंडोजच्या वेळ जुळवणाऱ्या सेवेला एक मर्यादा घातलेली असते: फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर ती घड्याळाला हात लावत नाही. इंटरनेटवरचा वेळ सांगणारा सर्व्हर बरोबर वेळ सांगतो, कॉम्प्युटर ती ऐकतो, पण इतका मोठा बदल करायचा नाही म्हणून सोडून देतो. यामागे सुरक्षेचा विचार आहे, कुणी खोटी वेळ पाठवून मशीनला भलत्या सालात नेऊ नये. आपली अडचण नेमकी उलटी, मशीन आधीच भलत्या सालात बसलेलं आहे. म्हणून सेल मेला की दोन दुखणी एकदम दिसतात. तारीख जाते, आणि ती सुधारणारी सेवाही हात वर करते. वरून ब्राउझर प्रत्येक साईटवर सुरक्षेचा इशारा देतो, कारण साईटच्या प्रमाणपत्राची मुदत तो याच घड्याळावर मोजतो. लोकांना वाटतं नेट बिघडलं.

उपाय साधा आहे. एकदा तारीख, महिना, वर्ष हातानं बरोबर लावा, वेळ अंदाजे चालेल. सकाळ-संध्याकाळची गफलत झाली तरी चालते, कारण १२ तासांची चूक मर्यादेच्या आत येते. तारखेची गफलत चालत नाही. मग 'डेट अँड टाइम'मध्ये 'इंटरनेट टाइम'वर जाऊन 'अपडेट नाऊ' दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधल्या 'डेट अँड टाइम'मध्ये 'सिंक नाऊ' आहे. ही १५ तासांची मर्यादा रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीतून) काढून टाकता येते, पण पैशाच्या पावत्या छापणाऱ्या मशीनवर मी तसं करत नाही. तिथे ती मर्यादा असलेलीच बरी.

यानंतर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'च्या यादीत 'विंडोज टाइम' शोधा. घरगुती किंवा दुकानातल्या मशीनवर ही सेवा कायम चालू नसते, ठरलेल्या वेळी जागी होते आणि थांबते. जुन्या विंडोजमध्ये ती सात दिवसांतून एकदाच विचारणा करते, म्हणजे ६०४८०० सेकंदांनी. काट्यांवर जुन्या सॉफ्टवेअरपायी विंडोज ७ अजून भरपूर आहे. दिवसातून आठ तास चालणारं मशीन नेमकं त्या वेळी बंद असलं की पुढचा आठवडाही तसाच जातो. सेवा 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

खरंच जुळणी होतेय का, ते बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत डब्ल्यू ३२ टी एम, जागा सोडून तिरकी रेघ क्वेरी, पुन्हा जागा सोडून तिरकी रेघ स्टेटस असं टाइप करा. मी फोनवर असंच सांगतो. येणाऱ्या ओळींत 'सोर्स' ही ओळ वाचा. तिथे सर्व्हरचं नाव असेल तर काम चालू आहे. 'लोकल सीमॉस क्लॉक' असं असेल तर मशीन स्वतःच्याच बोर्डला वेळ विचारतंय, बाहेर कुणालाही नाही. 'शेवटची यशस्वी जुळणी' कधीची आहे तेही बघा.

सर्व्हरपर्यंत निरोपच जात नसेल तर वाट अडली आहे. वेळेचा निरोप यूडीपीच्या (नेटवर निरोप पाठवायच्या एका पद्धतीच्या) १२३ नंबरच्या पोर्टवरून जातो, आणि काही राउटर किंवा फायरवॉल तो अडवतात. मोबाईलचं हॉटस्पॉट लावून जुळणी करून बघा. हॉटस्पॉटवर झाली आणि ऑफिसच्या लाईनवर नाही झाली, तर कॉम्प्युटर सोडा, राउटर तपासा किंवा लाईनवाल्याला १२३ पोर्टबद्दल विचारा.

सेकंद बरोबर, तास किंवा अर्धा तास चुकीचा

सेकंद मोबाईलशी तंतोतंत जुळतात, फक्त पुऱ्या तासांचा किंवा अडीच, साडेपाच अशा अर्ध्यातल्या तासांचा फरक आहे, तर घड्याळ निर्दोष आहे. चूक टाइम झोनची.

नेमके साडेपाच तास मागे: मशीनवर विंडोज आणि लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) दोन्ही आहेत, किंवा कुणी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालवलंय. लिनक्स बोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. अमळनेरला एका दुकानात हार्डडिस्क तपासायला मी पेनड्राइव्ह लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सगळी बिलं साडेपाच तास मागच्या वेळेची निघाली. ती चूक सरळ माझी होती. आता पेनड्राइव्ह काढल्यावर वेळ बघितल्याशिवाय मी दुकान सोडत नाही. दोन्ही कायम ठेवायचे असतील तर लिनक्सला 'बोर्डवर स्थानिक वेळ आहे' असं सांगून टाका.

साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे: विंडोज नव्यानं टाकताना झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला. तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे घेतात, म्हणून फरक कधी १२:३०, कधी १३:३०. यात माणूस फार चकतो. तो झोन न बदलता हातानं वेळ लावतो, दिवसभर ठीक चालतं, मग जुळणी होते आणि वेळ पुन्हा मागे जाते. 'रोज लावतो, रोज बिघडतं' या तक्रारीत मी सगळ्यात आधी झोनच बघतो.

अडीच तास पुढे: हे बहुतेक सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर (रेकॉर्डिंगच्या पेटीवर) दिसतं. झोन चीनचा, म्हणजे जीएमटी अधिक ८ असा आलेला असतो, आपला अधिक ५:३०. तिथेच डीएसटी नावाचा उन्हाळी वेळेचा पर्याय असतो, तोही बंद करा, नाहीतर एक तासाची चूक वर्षातून काही महिनेच येईल आणि कारण सापडता सापडणार नाही.

ओघात आलंच आहे म्हणून. आप्पांच्या पिढीतले लोक सावली पायाशी आली की बारा वाजले म्हणतात, आणि घड्याळ त्या वेळी साडेबाराच्या आसपास असतं. दोघंही बरोबर. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावर, मिर्झापूरजवळच्या रेषेवर धरलेली आहे. जळगाव साडेपंच्याहत्तर अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपला सूर्य सरासरी २८ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. नंदुरबारला तर ३३. ऋतूप्रमाणे यात काही मिनिटं इकडे-तिकडे होतात.

रोज थोडं थोडं मागे

चूक सेकंदांची किंवा थोड्या मिनिटांची असेल आणि दिवसागणिक वाढत असेल, तर सेल आणि झोन दोन्ही ठीक आहेत, फक्त जुळणी बंद पडली आहे. बोर्डवरच्या घड्याळात सेकंदाला ३२७६८ वेळा कंपणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याच्या बनावटीत दहा लाखांत वीस भागांची चूक चालवून घेतात. ती दिवसाला पावणेदोन सेकंद झाली. शिवाय त्याला आपला उन्हाळा सोसत नाही. पंचवीस अंशांच्या आसपास तो ठरल्या गतीनं चालतो. तिथून तापमान जितकं दूर जाईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात तो मंदावतो, अंशाच्या वर्गाला दहा लाखांत साधारण ०.०३४ भाग. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये डब्याच्या आत ५५ अंश झाले, तर फरक ३० अंशांचा, त्याचा वर्ग ९००, म्हणजे दहा लाखांत तीस भाग. दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेनं पडल्या तर महिन्याला दोन मिनिटं मागे. डिसेंबरच्या पहाटेच्या गारठ्यातही तो मागेच पडतो, पुढे जात नाही, फक्त कमी प्रमाणात. घड्याळ खराब नाही, बदलू नका. त्याला विचारायला कुणीतरी हवं, एवढंच.

विचारणं कसं चालतं ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. एनटीपी नावाची ही पद्धत अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी घडवली. तिचा पहिला मसुदा १९८५ चा. समजा, तुमच्या घड्याळाप्रमाणे बरोबर दहा वाजता निरोप निघाला. सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाप्रमाणे दहा वाजून ४.०५० सेकंदांनी मिळाला. त्यानं ४.०५१ ला उत्तर सोडलं. तुमच्या घड्याळाप्रमाणे ते ०.१०१ सेकंदाला हातात आलं. जाताना फरक दिसला ४.०५०, येताना ३.९५०. सरासरी ४ सेकंद, तेवढे तुम्ही मागे आहात. वाटेत गेलेला दहावा हिस्सा सेकंद हिशेबातून आपोआप गळाला. फक्त जायची आणि यायची वाट सारखी आहे असं धरलेलं असतं. जायला २० आणि यायला ८० मिलिसेकंद लागले तर हिशेब ३० मिलिसेकंदांनी चुकेल. काट्याच्या पावतीला त्यानं काही बिघडत नाही.

सर्व्हर कुठला लावायचा? दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आपली प्रमाणवेळ सिझियमच्या घड्याळांवर राखली जाते. तिचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. एनआयसीचे (सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) समय१ आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही कंपन्या आणि सरकारी संस्थांनी यांच्यापैकी एकाशी, किंवा यांच्यावर जुळवलेल्या सर्व्हरशी, वेळ जुळवावी असं आहे. जिथे जास्त नावं देता येतात तिथे तीन तरी द्या. दोनच दिले आणि त्यांच्यात फरक पडला, तर खरं कोण ते मशीन ठरवू शकत नाही.

काटा, ऑफिस आणि कॅमेरा

शेवटी त्या जिनिंगमध्ये आम्ही ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर लिनक्स आणि क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्राम) टाकलं. तो बाहेरून वेळ घेतो, काट्याचं मशीन आणि डीव्हीआर त्याच्याकडून घेतात. त्यामुळे काट्याच्या मशीनला बाहेरचं नेट द्यावं लागत नाही, विंडोज ७ असल्यामुळे ते तसं देऊही नये. दिवसभर नेटची लाईन गेली तरी तिघं एकमेकांशी जुळलेले राहतात. भांडण मिटवायला हे फार उपयोगी पडतं. पावतीवर ११:५१ असेल तर कॅमेऱ्यात ११:५१ ला तीच ट्रॉली काट्यावर दिसली पाहिजे.

काट्यावरच्या मुलाला एक गोष्ट पक्की सांगितली आहे: भरगाडी मोजली आणि खाली गाडी बाकी आहे, अशा वेळी घड्याळाला हात लावायचा नाही. चुकलेलं दिसलं तरी दोन्ही वजनं त्याच घड्याळावर पूर्ण करायची, पावतीवर पेनानं खरी वेळ लिहून सही करायची, मग दुरुस्ती. क्रोनी छोटी चूक हळूहळू भरून काढतं, घड्याळ थोडं जलद किंवा सावकाश चालवून. मोठी चूक असेल तर ते एकदम उडी मारतं, आणि ही उडी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही विचारणांपुरतीच ठेवता येते. म्हणून ऑफिसचा कॉम्प्युटर पहिली ट्रॉली येण्याच्या पंधरा मिनिटं आधी चालू करायचा, आणि काट्याचं मशीन त्याच्या मागून.

केबिनच्या दाराला दोऱ्यानं एक वही बांधली आहे. सुट्टीनंतरच्या सकाळी मशीन सुरू केल्याबरोबर, जुळणी व्हायच्या आत, मोबाईलशी फरक लिहायचा. पट्टी सरळ केल्यानंतरच्या पहिल्या चार नोंदी अशा: २ सेकंद मागे, ३ मागे, २ मागे, ३ मागे. वर्ष चारही वेळा बरोबर.